शास्त्र, करार आणि वर्तमान: बायबल कशासाठी दिले आहे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही लिहिता की घरात पहिल्यापासून बायबल आहे, बाप्तिस्मा झालेला आहे, रविवारची उपासना सहसा चुकत नाही. पण वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा जानेवारीत धरलेला नेम यज्ञांच्या आणि नियमांच्या लेवीयच्या पुस्तकात मोडला. पुढे गोकुळ शिरगावच्या वसाहतीतली नोकरी सोडून पुण्याला जावे की नाही, या घालमेलीत तुम्ही एका रात्री डोळे मिटून बायबल उघडले, बोट ठेवले, आणि बोटाखाली मवाब या प्राचीन राष्ट्राच्या नाशाविषयीचे वचन आले. "प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यात आहे असे लहानपणापासून ऐकतो, मग मला ते का सापडत नाही? देवाने हे शास्त्र नेमके कशासाठी दिले?" असे तुम्ही विचारले आहे.

कोल्हापुरात गेली ३४ वर्षे मी दर गुरुवारी बायबल अभ्यास घेत आले आहे, आणि त्यातली बरीच वर्षे दिवसा शाळेत मराठी शिकवत होते. हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आला आहे आणि बहुतेक वेळा तो विचारणारी माणसे मनापासून वाचणारीच होती. म्हणून नेम मोडला याचे वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही जे शोधत होता ते त्या पुस्तकात ज्या रूपात असेल असे तुम्हाला सांगितले गेले, त्या रूपात ते तिथे नाही, एवढेच झाले आहे.

माझ्या मते या गोंधळाचा काही भाग आपल्या भाषेतूनच येतो. आपण बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतो. नाव सुंदर आहे आणि ते बदलावे असे मी म्हणणार नाही, पण 'शास्त्र' म्हटले की मराठी मनात काय उभे राहते ते पाहा. "शास्त्रात सांगितले आहे" म्हणजे नियम आहे, "शास्त्रापुरते करून घ्या" म्हणजे विधी उरका, पाकशास्त्र किंवा वास्तुशास्त्र म्हणजे एखाद्या विषयाचे पद्धतशीर ज्ञान. अशा ग्रंथात आपण विषय काढतो आणि त्याखाली दिलेले उत्तर वाचतो. बायबल उघडल्यावर मात्र भेटतात ते भावाभावांचे तंटे, वंशावळ्या, राजांच्या लढाया, शोकगीते, तुरुंगातून लिहिलेली पत्रे. प्रोटेस्टंट परंपरेत ६६ आणि कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तकांचा हा संग्रह इब्री आणि ग्रीक भाषांत, थोडा भाग अरामी भाषेत, कित्येक शतकांच्या काळात लिहिला गेला, आणि त्याची बहुतेक पाने नियमांची नाहीत. ज्याला कलमवार उत्तरे हवी आहेत त्याने असा ग्रंथ कधीच रचला नसता.

याच ग्रंथाच्या दोन भागांना मात्र आपण फार नेमका शब्द वापरतो: जुना करार आणि नवा करार. करार म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जमिनीचा, भाडेपट्ट्याचा कागद आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपतो तो त्यातल्या मजकुराच्या गोडीसाठी नव्हे. दोन पक्षांनी एकमेकांना शब्द दिला आणि तो शब्द अजून चालू आहे, याचा तो पुरावा असतो. निर्गमाच्या २४ व्या अध्यायात मोशे कराराचे पुस्तक लोकांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि लोक होकार देतात. दगडी पाट्या ज्या पेटीत ठेवल्या तिचे नावच कराराचा कोश. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात आज्ञा आहे की दर सातव्या वर्षी, मंडपांच्या सणात, पुरुष, स्त्रिया, मुले आणि गावात राहणारे परके या सर्वांना एकत्र करून हे नियमशास्त्र त्यांना ऐकू जाईल असे वाचावे. शास्त्राचा पहिला उपयोग हा असा आहे: देवाने आपल्याशी कोणते नाते जोडले, आणि त्या नात्यात आपण कोण आहोत, हे विसरू नये म्हणून ते सर्वांनी मिळून पुन्हा पुन्हा ऐकायचे.

या करारात एक गोष्ट आपल्या व्यवहारातल्या करारांपेक्षा वेगळी आहे. दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही. मिसर देशातून, दास्यगृहातून मी तुला बाहेर आणले, असे देव आधी सांगतो आणि नंतर आज्ञा येतात. सुटका अगोदर झाली, नियम मागाहून आले. हा क्रम ध्यानात ठेवला तर तुमचा नेम जिथे मोडला ते लेवीयाचे पुस्तकही वेगळे दिसू लागते. सुटून आलेल्या लोकांच्या वस्तीच्या मधोमध देवाचा तंबू उभा आहे. इतक्या पवित्र शेजारात साध्या, चुकणाऱ्या माणसांनी राहायचे कसे, हा त्या पुस्तकाचा विषय आहे. यज्ञांचे तपशील आज आपल्याला परके वाटतात, आणि त्यांचा अर्थ ख्रिस्ताच्या मरणात कसा पुरा झाला हे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रावाचून नीट कळतही नाही. पण १९ वा अध्याय आज रात्रीच वाचा. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नये, ते पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. आणि त्याच अध्यायात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही येशूने पुढे मोठ्या आज्ञांत गणलेली आज्ञा. ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगाराची मजुरी अडली की काय होते हे औद्योगिक वसाहतीत रोज वावरणाऱ्या तुमच्यासारख्याला मी काय सांगावे?

आता बोट ठेवण्याविषयी. या सवयीचे मूळ आपल्या मंडळ्यांतच, म्हणजे चर्चमध्येच, आहे, हे मान्य करायला हवे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ताट फिरते, प्रत्येक जण एक चिठ्ठी उचलतो आणि तिच्यावरचे वचन हे आपले वर्षाचे वचन म्हणून घरी नेतो. मीही अशा चिठ्ठ्या कापल्या आहेत, गुंडाळल्या आहेत, आणि त्या उचलणाऱ्यांच्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. पण त्या कापताना एक गोष्ट वर्षानुवर्षे माझ्या लक्षात येत गेली: ताटात शिक्षेचे वचन कधीच नसते, पश्चात्तापाचे क्वचित असते, आणि यिर्मया २९:११ हमखास असते. आपल्याविषयी देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आशा आणि भविष्य देणारे आहेत, अशा अर्थाचे ते वचन आहे. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या काचेवरही मी ते पाहिले आहे.

हे वचन मुळात एका पत्रातले आहे, आणि ते पत्र कोणाला लिहिले होते हे पाहिले की त्याची किंमत वाढते. इसवी सनपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमेतून राजाला, सरदारांना आणि कारागिरांना कैद करून नेले. मागे राहिलेल्यांपैकी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांना गोड बातमी दिली: दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया या संदेष्ट्याने कैद करून नेलेल्यांना त्याच्या उलट लिहिले. घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण ७० वर्षे लागतील. ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांतल्या बहुतेकांनी मायदेश पुन्हा पाहिला नाही. हिताच्या संकल्पांचे वचन या माणसांना दिलेले आहे. चिठ्ठीवर ते "सगळे लवकरच ठीक होईल" असे वाचले जाते. पत्रात वाचले तर, ठीक व्हायला माझे आयुष्य पुरणार नसले तरी देवाने मला टाकलेले नाही आणि आज, इथे, या शहरात मला करण्यासारखे काम आहे, असे ते ऐकू येते. मला स्वतःला दुसऱ्या वाचनाने फार अधिक आधार दिला आहे. माझ्या आयुष्यात काही गोष्टी लवकर ठीक झाल्या नाहीत.

ओळ तिच्या पत्रातून सुटी केली की ती कशासाठीही वापरता येते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानदेखील येशूला ९१ व्या स्तोत्रातले वचन बिनचूक म्हणून दाखवतो. येशू त्याला तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातून उत्तर देतो, म्हणजे इस्राएल अरण्यात जिथे घसरला त्या प्रसंगांतून. तो वचनांची फेक करत नव्हता. आपल्या लोकांची संपूर्ण कहाणी त्याच्या अंगात मुरलेली होती आणि तिच्या आधारे तो त्या क्षणी उभा राहिला.

करारानंतर दुसरा शब्द: शुभवर्तमान. वर्तमान म्हणजे बातमी, वर्तमानपत्र या शब्दात तो आजही टिकून आहे. सल्ला आणि बातमी यांत फरक आहे. सल्ला मला काय करायचे ते सांगतो. बातमी काय घडले ते सांगते, आणि ती खरी असेल तर माझे सगळे त्यावरून बदलते. बातमीला साक्षीदार लागतो. लूक आपल्या पुस्तकाच्या आरंभीच सांगतो की जे सुरुवातीपासून डोळ्यांनी पाहणारे होते त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा त्याने मुळापासून शोध केला आणि मग त्या अनुक्रमाने लिहिल्या. देवाने प्रेरणा दिली म्हणजे माणसाची मेहनत वगळली असा अर्थ होत नाही, हे लूकच्या या चार ओळींवरून मी नेहमी शिकवते. योहान तर आपला हेतू उघडपणे लिहून ठेवतो: येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे असा तुम्ही विश्वास धरावा आणि त्याच्या नावात तुम्हाला जीवन मिळावे म्हणून हे लिहिले आहे. ख्रिस्ती विश्वासात शास्त्राच्या हेतूविषयी याहून थेट वाक्य मला माहीत नाही.

आणि त्याच योहानाच्या पाचव्या अध्यायात येशूचे एक कठीण बोलणे आहे, जे माझ्यासारख्या शिकवणाऱ्या माणसाने दर काही दिवसांनी वाचावे. शास्त्रात पारंगत असलेल्या लोकांना तो म्हणतो की तुम्ही शास्त्रलेख शोधता, कारण त्यांत सार्वकालिक जीवन आहे असे तुम्हाला वाटते. तेच लेख माझ्याविषयी साक्ष देतात, तरी तुम्ही माझ्याकडे येत नाही. म्हणजे पुस्तक तोंडपाठ असूनही माणूस त्याच्या दारातच उभा राहू शकतो. कोणत्याही ख्रिस्ती पंथाची शिकवण नीट पाहिली तर हे मध्यवर्ती स्थान ख्रिस्ताचेच आहे. आपल्या कोल्हापूरच्या जुन्या मंडळीचे मूळ प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये आहे. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले. त्या परंपरेची १६४७ ची लघुप्रश्नोत्तरावली विचारते की शास्त्रे मुख्यत्वे काय शिकवतात, आणि उत्तर देते की माणसाने देवाविषयी काय मानावे आणि देव माणसाकडून कोणते कर्तव्य मागतो, हे. कॅथलिक मंडळी परंपरेला आपल्यापेक्षा अधिक स्थान देते, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शास्त्राच्या सत्यतेविषयी जे म्हटले तेही आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून हवे होते त्याविषयीच आहे. "प्रत्येक प्रश्नाचे उत्तर" असे दोघांपैकी कोणीच म्हणत नाही.

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेले प्रसिद्ध वाक्य तुम्हाला पाठ असेल: प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित आहे आणि तो सद्बोध, दोष दाखवणे, सुधारणूक व नीतिशिक्षण यांसाठी उपयोगी आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देवाच्या श्वासातून आलेला असा आहे. तीमथ्याला हे लेख बाळपणापासून माहीत होते असेही पौल सांगतो, आणि त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो. तेव्हा नवा करार संग्रहित झालेला नव्हता, म्हणजे हे आधी जुन्या कराराविषयीच म्हटले आहे, तुमच्या त्या लेवीयासकट. या चारांतल्या एकाविषयीच मी थांबून सांगणार आहे, कारण ते आपण टाळतो: दोष दाखवणे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गुरुवारच्या अभ्यासात गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय चालू होता. एक गृहस्थ मोठ्याने वाचत होते. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेहून काही जण आल्यावर त्यांच्या भीतीने तो पंक्तीतून बाजूला झाला, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर दोष दिला. वाचता वाचता ते थांबले. आठवडाभरापूर्वी मुलीला आलेले स्थळ त्यांनी नाकारले होते. मुलगा विश्वासणारा, शिकलेला, सरळ, पण "मूळचे कोण?" या प्रश्नाचे उत्तर त्यांना मानवले नव्हते. हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत सोयरीक जमवताना आजही विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांच्या घरी बायबल रोज वाचले जाते, याचे मला फार दुःख आहे. त्या संध्याकाळी खोलीत कोणी त्यांना काही म्हटले नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तोच परिच्छेद दुसऱ्यांदा पहिल्यापासून वाचला. पुढे ते स्थळ जुळले की नाही हे त्यांच्या घरचे आहे, मी ते इथे सांगणार नाही. पण शास्त्र माणसाला वाचते असे जे म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. घरी बसून बोट ठेवले असते तर ते बोट त्या परिच्छेदावर पडले नसते, आणि पडले असते तरी पुढे सरकले असते. म्हणून शास्त्र मंडळीत, क्रमाने, काही न गाळता वाचावे असा माझा आग्रह आहे.

शास्त्राचे आणखी एक काम असे की आपल्याला जे देवापुढे बोलण्याचे धैर्य होत नाही त्याचे शब्द ते आपल्या तोंडी देते. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत, आणि ८८ वे तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरलेल्या एका घरातल्या आजींना आम्ही शाळेत उघडलेल्या निवारा केंद्रात भेटायला गेलो होतो. त्यांचे बायबल भिजून फुगले होते. नातीने पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून ते पंख्याखाली बाकावर उभे केले होते. पहिल्या पानावर शाईने लिहिलेल्या घरातल्या जन्मांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या तारखा पसरून निळा डाग झाला होता. काय वाचू, असे मी विचारले तेव्हा आजींनी मला थांबवले आणि स्वतःच ६९ वे स्तोत्र म्हणायला लागल्या, जे पाणी गळ्याशी आल्याच्या हाकेने सुरू होते. त्या तिसरी शिकलेल्या होत्या. स्तोत्रे त्यांच्या आईने जात्यावर बसून म्हटलेली ऐकून पाठ झालेली होती. मी दिलाशाचे २३ वे स्तोत्र वाचायचे ठरवून गेले होते. त्यांना काय हवे आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

असे पाठ व्हायचे तर शास्त्र आपल्या भाषेत असावे लागते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले ते याच ओढीने. पंडिती मराठी ज्यांना कळत नाही अशा बायका रमाबाईंच्या डोळ्यांसमोर होत्या. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. संस्कृतात ज्यांची विद्वत्ता अखिल देशाने मानली होती त्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षे साध्या शब्दांच्या शोधात घालवावीत, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे.

आता तुमच्या नोकरीकडे येते. पुण्याला जावे की नाही हे बायबलमध्ये लिहिलेले नाही, आणि ते तिथून काढून दाखवतो असे कोणी म्हटले तर सावध राहा. पण जो माणूस हा निर्णय घेणार आहे त्याला घडवणे शास्त्राच्या हाती आहे. भीतीने जातो आहे की लोभाने, की खरोखर अधिक चांगले काम करण्यासाठी. मागे राहणाऱ्या आईवडिलांचे काय. इथल्या कामात मला हाताखालच्या माणसाशी अन्यायाने वागावे लागते का: हे प्रश्न शास्त्र वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उभे राहू लागतात, आणि ते उभे राहिल्यावर निम्मा निर्णय झालेला असतो. उरलेल्यासाठी नीतिसूत्रे पुन्हा पुन्हा सांगतात की मसलत घ्या. वडिलांशी बोला, ज्याच्या शहाणपणावर तुमचा भरवसा आहे अशा एखाद्या वयस्क माणसाशी बोला. ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवाजवळ मागावे, असे याकोब म्हणतो, तेही करा. मग ठरवा, आणि ठरवल्यावर पुन्हा बोट ठेवून पाहू नका.

वाचनाचा नेम नव्याने धरायचा असेल तर वर्षाचे वेळापत्रक काही काळ बाजूला ठेवा. मार्काचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे आहे. एका रविवारी दुपारी, मोठ्याने, एका बैठकीत वाचून काढा. रोज झोपण्यापूर्वी एक स्तोत्र, आवडो न आवडो, क्रमाने. त्यानंतर उत्पत्ती आणि निर्गम, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये. लेवीय आणि इब्री लोकांस पत्र जोडीने वाचण्यासाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायला हरकत नाही. जिथे समजत नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा आणि पुढे जा. माझ्या प्रतीत अशी चिन्हे अजून आहेत, काही ३० वर्षे जुनी.

आणि जमल्यास गुरुवारी संध्याकाळी सात वाजता या. आम्ही सध्या मार्काच्या आठव्या अध्यायात आहोत, आणि मोठ्याने वाचायला एक तरुण आवाज कमी पडतो आहे.